बाणाच्या शेपटीचा दिवा



आज मी ज्या प्रश्नावर बोलणार आहे तो ऐकून तुम्ही म्हणाल, या कवीला दुसरा विषय मिळाला नाही काय? प्रश्न असा आहे : धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्या माणसाला बाणाच्या शेपटीला दिवा लावू द्यावा की देऊ नये?

आपल्याकडे हा प्रश्न उद्भवतच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपण शिकारीचा विषयच मिटवला आणि ते योग्यच झालं. प्रश्न अमेरिकेतला आहे. तिथे दरवर्षी पानगळीच्या दिवसांत लाखो माणसं रीतसर परवाना काढून धनुष्यबाण घेऊन रानात जातात. मोसम ठरलेला, जनावरं ठरलेली, वेळही ठरलेली. बहुतेक राज्यांत सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच बाण सोडता येतो. एवढे नियम आहेत म्हटल्यावर नियमांवर वाद आलेच. त्यातलाच हा एक.

आधीच सांगून टाकतो, मी आयुष्यात कधी शिकार केलेली नाही. मटण खातो, पण ते खाटकाच्या दुकानातून पिशवीत घालून आणलेलं. त्यामुळे शिकाऱ्याला नाक मुरडण्याचा अधिकार मला फारसा नाही. हा वाद माझ्यापर्यंत आला तो माझ्या भाच्यामुळे.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात इंजिनिअर आहे. २०१३ च्या ऑक्टोबर महिन्यात मी आणि माझी पत्नी त्याच्याकडे गेलो होतो. आपा, म्हणजे माझी बहीण, तेव्हा तिथेच होती. विस्कॉन्सिन म्हणजे गाईगुरांचा, दुधाचा आणि चीजचा मुलूख. मक्याची शेतं, मध्येच ओकच्या झाडांचे पट्टे आणि त्यात पांढऱ्या शेपटीची हरणं. रस्त्यावर गाडीला हरीण आडवं येणं ही तिथली रोजची बातमी. १९३४ मध्ये आधुनिक अमेरिकेतला धनुष्यबाणाने हरणाच्या शिकारीचा पहिला मोसम याच राज्याने सुरू केला. तेव्हा तिथे राहणाऱ्या माणसाला आज ना उद्या हे वेड लागायचंच. भाच्याला ते शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी लावलं. त्यांनी त्याला धनुष्य धरायला शिकवलं, शिकारी शिक्षणाच्या वर्गाला पाठवलं आणि दोन वर्षं नुसतं गवताच्या भाऱ्यावर नेम धरायला लावलं. मगच रानात नेलं.

आम्ही पोचलो त्याच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. भाचा संध्याकाळी मचाणावरून परत आला तो चेहरा उतरवूनच. म्हणाला, "मामू, बाण लागला. पण हरीण सापडत नाहीये." सूर्य नुकताच मावळला होता. वीस-बावीस यार्डांवरून त्याने बाण सोडला होता. हरीण उसळलं आणि झाडीत नाहीसं झालं. बाण कुठे लागला, हे त्याला नीट दिसलं नव्हतं. तासाला दोनशे मैलांच्या आसपास वेगाने जाणारा काळपट बाण संधिप्रकाशात डोळ्याला दिसणार कसा? बाण हरणाच्या अंगातून पार जाऊन पलीकडे पडला असावा. पण तिथे गुडघाभर पाचोळा. बाण काही मिळाला नाही. रक्ताचे चार थेंब मात्र दिसले.

शेजारच्या आजोबांना बोलावलं. ते कंदील घेऊन आले. बाण चांगलाच लागला असेल असं धरून अर्ध्या तासाने दोघं माग काढत निघाले. दीडशे पावलांवर झुडपात खसखस झाली. बसलेलं काहीतरी उठून पळालं. त्यानंतर रक्त नाही, खूण नाही. रात्री बारापर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन पुन्हा शोधलं. दुपारी पाचोळ्याखाली बाण सापडला. आजोबांनी तो उचलून नाकाशी नेला आणि काही न बोलता भाच्याच्या हातात दिला. बाणावर हिरवट काळा लेप होता आणि त्याला वास होता.

आता हे काय प्रकरण, ते मला त्यांनी नंतर समजावून सांगितलं. तुम्हालाही सांगतो, कारण सगळा वाद इथूनच समजतो. गोळी धक्क्याने पाडते, बाण तसा पाडत नाही. बाणाच्या टोकाला वस्तऱ्यासारखी पाती असतात. त्यांनी रक्तवाहिन्या कापल्या जातात आणि रक्तस्रावाने जनावर मरतं. बाण फुप्फुसात गेला तर काही सेकंदांचा खेळ. यकृताला लागला तर काही तास. आणि पोटात, आतड्यात गेला तर आठ-दहा तास, कधी त्याहून अधिक. बाण कुठे लागला हे कळायचं कसं? तर बाण परत शोधून. त्यावर गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर फुप्फुस. गडद लाल असेल तर यकृत. हिरवट लेप आणि दुर्गंधी असेल तर आतडी. फुप्फुसाला लागला असेल तर अर्ध्या तासाने जावं, हरीण जवळच पडलेलं मिळतं. पण पोटाला लागला असेल तर पाऊल उचलायचं नाही. मुकाट घरी जायचं आणि सकाळी यायचं. कारण तसं जखमी हरीण थोडं पुढे जाऊन बसतं आणि त्याला कुणी उठवलं नाही तर तिथेच मरतं. उठवलं तर मात्र कुठल्या कुठे निघून जातं आणि त्याचे हाल लांबतात.

म्हणजे बाण ही नुसती वस्तू नाही, ती चिठ्ठी आहे. काय घडलं ते तिच्यावर लिहिलेलं असतं. माझ्या भाच्याला ती चिठ्ठी सतरा-अठरा तास उशिरा मिळाली. रात्री झुडपातून जे उठून पळालं ते त्याचंच हरीण होतं. नऊ दिवसांनी कावळे घिरट्या घालताना दिसले म्हणून तो गेला. अर्ध्या मैलावर ओढ्याच्या काठी हाडं आणि कातडं होतं. बाकीचं कायोटींनी, म्हणजे तिकडच्या कोल्ह्यांनी, संपवलं होतं.

त्या संध्याकाळी आपा त्याला एवढंच म्हणाली, "मिळालं नाही म्हणजे काय? मग मारलं कशाला?"

या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

दोन दिवसांनी भाच्याने दुकानातून एक छोटं पाकीट आणलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडलं. बाणाच्या मागच्या टोकाला धनुष्याची दोरी बसायला एक खाच असते. ती खाच असलेलं टोक प्लॅस्टिकचं आणि वेगळं काढता येण्याजोगं असतं. त्याला तिकडे नॉक म्हणतात. या पाकिटातल्या नॉकमध्ये इवलासा एलईडी दिवा आणि काडीएवढी बॅटरी होती. बाण धनुष्यावर चढवलेला असताना दिवा बंद असतो. दोरीने बाणाला ढकललं की त्या धक्क्याने तो लागतो आणि मग बाण कुठेही पडो, बॅटरी संपेपर्यंत लाल किंवा हिरवा जळत राहतो. बाण जाताना प्रकाशाची रेघ दिसते. कुठे लागला ते कळतं. अंधारात, पाचोळ्यात तो लांबून सापडतो. साध्या नॉकपेक्षा याचं वजन ग्रॅमभराच्या आसपास जास्त.

शेजारचे आजोबा चहाला आले होते. त्यांनी ते पाकीट पाहिलं आणि मान हलवली. "हे माझ्या बाणाला कधी लागणार नाही," म्हणाले. आणि मग जो वाद सुरू झाला तो आम्ही परत निघेपर्यंत चालला. मी दुभाषाची गरज नसलेला एकमेव तटस्थ प्रेक्षक, म्हणून दोघंही आपापलं म्हणणं मलाच पटवून देत होते.

आजोबांचं म्हणणं हट्टाचं नव्हतं. त्यामागे एक परंपरा होती. अमेरिकेत धनुष्यबाणाच्या शिकारीच्या नोंदी ठेवणारा एक क्लब आहे, पोप अँड यंग क्लब. स्थापना १९६१ ची. सॅक्स्टन पोप आणि आर्थर यंग या दोन धनुर्धारी मित्रांचं नाव त्याला दिलेलं आहे. शिकार न्याय्य असावी, जनावराला निसटायची खरीखुरी संधी असावी, हे या क्लबचं तत्त्व. म्हणून धनुष्याला किंवा बाणाला विजेवर चालणारं कोणतंही उपकरण लावून केलेली शिकार हा क्लब नोंदवून घेत नसे. आयडाहो, ओरेगॉन यांसारख्या पश्चिमेकडच्या राज्यांत तर तसा कायदाच होता. दिवा लावलेला बाण घेऊन रानात सापडलात तर दंड.

आजोबा म्हणायचे, "हातात धनुष्य घेतो त्याच दिवशी आपण सोपा मार्ग सोडून दिलेला असतो. सोपंच हवं असेल तर बंदूक आहे की! आज दिवा आला, उद्या बाणात यंत्र येईल, परवा बाण स्वतःच हरीण शोधून काढेल. रेघ कुठेतरी मारायला हवी. मी ती पहिल्याच बॅटरीपाशी मारतो."

या सॅक्स्टन पोप यांची हकीगत मी नंतर वाचली आणि ती मनातून जात नाही. पोप हे सॅन फ्रान्सिस्कोतले शल्यविशारद. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी, थकलेला आदिवासी माणूस सापडला. याही जमातीतला तो शेवटचा माणूस होता. बाकीच्यांना गोऱ्या वसाहतवाल्यांच्या बंदुकांनी, उपासमारीने आणि रोगांनी संपवलं होतं. त्याने आपलं खरं नाव कुणाला सांगितलं नाही. अभ्यासकांनी त्याला 'इशी' म्हटलं, त्याच्या भाषेत त्याचा अर्थ 'माणूस'. तो विद्यापीठाच्या संग्रहालयात राहू लागला. शेजारच्याच रुग्णालयात पोप होते. इशीवर उपचार करता करता डॉक्टर त्याचे शिष्य झाले. धनुष्य कसं तासायचं, बाणाला पिसं कशी लावायची, काचेच्या तुकड्याचं टोक कसं घडवायचं, हे इशीने त्यांना शिकवलं. इशी लांबून बाण मारत नसे. तो लपून बसायचा, ओठांना बोटं लावून घाबरलेल्या सशासारखा आवाज काढायचा आणि जनावराला जवळ बोलवायचा. १९१६ मध्ये तो क्षयाने वारला. १९२३ मध्ये पोप यांनी धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिलं आणि त्यातून अमेरिकेतल्या हौशी धनुर्धाऱ्यांची पिढीच्या पिढी घडली.

म्हणजे आज ज्या विद्येला तिथले लोक आपली परंपरा म्हणून जपतात, ती त्यांना दिली ती त्यांनीच नाहीशी केलेल्या जमातीच्या शेवटच्या माणसाने. 'परंपरा' हा शब्द उच्चारताना हे विसरून चालणार नाही. आणि इशीच्या बाणाला दिवा नव्हता, हेही खरंच. पण त्याला दिव्याची गरजही नव्हती. मोडलेलं गवत आणि उलटलेलं पान वाचणारे डोळे त्याच्याकडे होते. शनिवार-रविवारची सुट्टी काढून रानात जाणाऱ्या इंजिनिअरकडे ते नाहीत.

भाच्याचा युक्तिवाद वेगळा होता. तो आजोबांना म्हणाला, "तुमच्या लाकडी धनुष्याबद्दल मला आदर आहे. पण क्लबातले बहुतेक लोक काय वापरतात?" त्याचा रोख कंपाउंड धनुष्याकडे होता. मिसुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी १९६६ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मिळालं. धनुष्याच्या दोन टोकांना कप्प्या बसवलेल्या असतात. दोरी पूर्ण खेचली की हातावरचा भार एकदम निम्म्याहून कमी होतो. मग नेम धरून निवांत थांबता येतं. यावरही वादंग झालं. बराच काळ क्लबाची अट होती की, हा भार ६५ टक्क्यांपेक्षा जास्त हलका होता कामा नये. पुढे तीही सैल झाली. भाचा म्हणाला, "हरीण मारणं सोपं करणारी कप्पी चालते आणि मारलेलं हरीण शोधणं सोपं करणारा दिवा चालत नाही. हा कुठला न्याय?"

श्रोतेहो, हे ऐकताना मला आमचे आजोबा आठवले. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या काठी आमचं गाव. आजोबांकडे पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक होती. भातात रानडुकरं शिरली की वाडीवाडीतून त्यांना बोलावणं यायचं. डुक्कर आम्हाला निषिद्ध. ते मारून देत आणि हात धुऊन घरी येत. वाटणी वाडीतले लोक करत. या गोष्टी मी वडिलांकडून ऐकलेल्या. तेव्हा काही मंडळी रात्री बत्ती घेऊन सशाच्या शिकारीला जात. प्रकाशाचा झोत डोळ्यांवर पडला की ससा खिळल्यासारखा उभा राहतो. मग त्याला मारायला काही लागत नाही. आजोबा त्या शिकारीला कधी गेले नाहीत. म्हणत, "डोळे दिपवून मारायचं, त्याला शिकार म्हणत नाहीत."

पण वडील आणखी एक गोष्ट सांगत. जखमी डुक्कर रानात शिरलं तर आजोबा हीच बत्ती मागवत आणि ते मिळेपर्यंत घरी येत नसत. एकदा फजरच्या अजानपर्यंत आले नाहीत.

बत्ती तीच. बार काढण्याआधी ती त्यांना वर्ज्य होती आणि बार काढल्यावर ती त्यांना फर्ज होती. अमेरिकेतल्या वादाची गाठ मला इथे सुटते. उपकरण विजेचं आहे की लाकडाचं, जुनं आहे की नवं, हा प्रश्नच नाही. ते आधी कामाला येतं की नंतर, हा प्रश्न आहे. बाण सुटण्याआधी जे उपकरण जनावराची बाजू लंगडी करतं ते नाकारावं. बाण सुटल्यानंतर जे माणसाला त्याच्या कृत्यापाशी नेऊन उभं करतं ते नाकारून आपण जनावरावर कुठला उपकार करतो? नॉकमधला दिवा दोरी सुटल्यावर लागतो. तोवर तो काळोखात असतो. हरणाला तो दिसत नाही, नेम धरायला त्याची मदत होत नाही.

आता दुसरी बाजू. आजोबांचा एक मुद्दा मला आजही टोचतो. ते म्हणाले, "बाण कुठे लागला हे दिसण्याइतका उजेड नव्हता, तर त्याने बाण सोडलाच का?" याला उत्तर नाही. भाच्यानेही मान खाली घातली. दिवा हातात आला की माणूस आणखी पाच मिनिटं थांबेल, आणखी थोड्या अंधारात बाण सोडेल, आणखी दहा यार्ड लांबून सोडेल, ही भीती खोटी नाही. सोय माणसाला धीट करते आणि धिटाई पुष्कळदा निष्काळजी असते. शिवाय बाणाची तेजस्वी रेघ चित्रफितीत झकास दिसते, म्हणूनही हे दिवे पुष्कळ खपतात. त्यात हरणाच्या कळवळ्याचा काही संबंध नाही.

पण या दुखण्यावर दिवाबंदी हे औषध नाही. त्यावर औषध घड्याळाचं आहे. बाण सोडण्याची वेळ कायद्याने ठरलेली आहे, ती काटेकोर पाळली जावी. अंतराचा संयम शिक्षणाच्या वर्गात शिकवला जावा. आणि तोवर हेही लक्षात ठेवावं की, दिवा नसतानाही जनावरं हरवतात. मेरिलँड राज्यातल्या नौदलाच्या एका तळावर कित्येक वर्षांच्या धनुष्यबाणाच्या शिकारीच्या नोंदी तपासल्या गेल्या. बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के हरणं शिकाऱ्यांच्या हाती लागली नव्हती. तिथले शिकारी परीक्षा देऊन निवडलेले होते, तरीही साधारण साडेपाचात एक. ही सगळी मेलीच असतील असं नाही, काही बरीही होतात. पण 'मग मारलं कशाला' हा आपाचा प्रश्न या प्रत्येक हरणामागे उभा आहे. दिव्याने ही संख्या किती खाली येईल ते मी सांगणार नाही. एवढंच म्हणेन की, त्या संध्याकाळी पाचोळ्यात एक लाल ठिपका दिसला असता, तर दोन माणसांनी बाणाचा वास घेतला असता, घरी जाऊन झोपली असती आणि सकाळी ते हरीण दीडशे पावलांवर मिळालं असतं. त्याचा मृत्यू टळला नसता, हाल टळले असते. वाया जाणं टळलं असतं.

'आधी की नंतर' ही कसोटी दर वेळी इतकी सोपी नसते, हेही मान्य करायला हवं. अलीकडे उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेलं ड्रोन उडवून मेलेलं हरीण शोधून देण्याचा व्यवसाय तिथे निघाला आहे. मिशिगन राज्याने त्याला मनाई केली आणि २०२३ मध्ये प्रकरण न्यायालयात गेलं. हेतू तोच, हरवलेलं हरीण शोधण्याचा. पण जे यंत्र मेलेलं हरीण दाखवतं ते जिवंत हरीणही दाखवतं. ते दोन्हीकडे चालतं. म्हणून तिथे सरकार बिचकलं तर मी त्याला दोष देणार नाही. बाणाच्या शेपटीचा दिवा मात्र पुढे बघूच शकत नाही. तो जिथे बाण गेला तेवढंच सांगतो. म्हणून तर मला तो मंजूर आहे.

या सगळ्या वादात मला दोन जुन्या गोष्टी पुन्हा पुन्हा आठवत होत्या. एक माझ्या घरातली. हदीसमध्ये अदी बिन हातिम यांचा प्रसंग येतो. ते शिकारी होते. त्यांनी हजरत पैगंबरांना शिकारीबद्दल विचारलं. उत्तराचा आशय असा : बाण लागलेलं जनावर एक-दोन दिवसांनी सापडलं आणि त्याच्यावर तुझ्याच बाणाची खूण असेल तर खा. पण ते पाण्यात पडलेलं मिळालं तर खाऊ नको. कारण ते तुझ्या बाणाने मेलं की पाण्याने, हे तुला ठाऊक नाही. लहानपणी हा मला नुसता खाण्यापिण्याचा नियम वाटायचा. विस्कॉन्सिनमधल्या त्या टेबलापाशी त्याचा अर्थ उलगडला. अल्लाचं नाव घेऊन बाण सोडला म्हणजे काम संपत नाही. आपल्या बाणाने नेमकं काय केलं, ते जाऊन पाहिल्याशिवाय त्या शिकारीवर आपला हक्क नाही.

दुसरी गोष्ट माझ्या शाळेतली, तुम्हा सगळ्यांची. राजा दशरथ अंधारात शरयूच्या काठी बसला होता. घागर बुडाल्याचा आवाज आला आणि हत्ती समजून त्याने शब्दवेधी बाण सोडला. तो श्रावणबाळाला लागला. अंधारात, न पाहता बाण सोडला हा त्याचा अपराध. पण गोष्ट तिथे संपत नाही. दशरथ उठला आणि आपला बाण जिथे गेला होता तिथे चालत गेला. समोर काय आहे ते त्याने पाहिलं. मग पाण्याची घागर घेऊन तोच त्या आंधळ्या आईबापांकडे गेला आणि आपल्या तोंडाने सांगितलं. तो राजा होता. वाड्यावर परत गेला असता तर कुणाला कळलं असतं? शाप त्याला मिळालाच. पण तो बाणाच्या मागे गेला, एवढं त्याचं माणूसपण मला मोठं वाटतं.

पुढे काय झालं ते सांगतो. आम्ही परत आलो आणि दुसऱ्याच वर्षी, २०१४ मध्ये, पोप अँड यंग क्लबाने आपला नियम बदलला. दिवा असलेला नॉक त्यांनी मान्य केला. नेम धरायला किंवा अंतर मोजायला मदत करणारी उपकरणं मात्र नाकारलेलीच ठेवली. पश्चिमेकडच्या राज्यांतले कायदेही सैल होत गेले आणि आज बहुतेक राज्यांत त्याला परवानगी आहे. क्लबाने रेघ पुसली नाही. ती पहिल्या बॅटरीपासून उचलून योग्य जागी नेऊन मारली, असं मला वाटतं.

शेजारच्या आजोबांनी शेवटपर्यंत आपल्या बाणाला दिवा लावला नाही. त्यांना तो अधिकार आहे. ते पंधरा यार्डांपलीकडे बाण सोडत नसत आणि सूर्य टेकला की मचाणावरून उतरत. ज्याचा संयम एवढा आहे त्याला दिव्याची गरज नाही. कायदा मात्र सगळ्यांसाठी असतो आणि सगळ्यांचा संयम एवढा नसतो.

भाचा अजून रानात जातो. दिवा लावतो. पण त्याने स्वतःपुरता एक नियम केला आहे. सूर्य मावळला की बाण भात्यात. कायद्याने सूर्यास्तानंतर मिळणारा वेळ तो घेत नाही. आपाला त्याने फोनवर तसा शब्द दिला आहे. मी त्याला विचारलं, "मग दिव्याचा उपयोग काय?" तो म्हणाला, "मामू, दिवा चुकीसाठी आहे, घाईसाठी नाही."

मी कवी माणूस. सुटलेला बाण आणि बोललेला शब्द परत येत नाही, ही म्हण मी कितीदा वापरली असेल. आता ती वापरताना थोडा थबकतो. परत येत नाही हे खरं. पण आपण त्याच्या मागे जाऊ शकतो. तो कुठे लागला, कुणाला लागला, ते पाहू शकतो. त्यासाठी कुणी दिवा देत असेल तर तो घ्यावा, असं मला वाटतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)